प्रकृतीसाठी परवाना: परमिट रूमची कुळकथा

शेंदूरजनाघाट, जरूड, वरूड हा सगळा अमरावती जिल्ह्यातला संत्र्याचा मुलूख. आंबिया बहार असो की मृग, बगीच्याचा सौदा पटला, इसाराचे पैसे हातात पडले, की माणसांना कुठेतरी निवांत टेकावंसं वाटतं. बागवान, व्यापारी, मधला दलाल, कुणाचा तरी साळा. गरम पोळी, सावजी तर्री, कांदा-लिंबू, आणि ज्याला हवा त्याला एखादा पेग. ज्या जागी हे सगळं मिळतं, तिच्या पाटीवर बहुधा लिहिलेलं असतं: परमिट रूम. इंग्लंडातल्या पबला तिथल्या वस्तीने आपली बैठक मानलं. आपल्याकडची बैठक सरकारी कागदातून जन्मली, आणि त्या जन्माच्या खुणा तिच्या अंगावर अजून आहेत.

त्याआधी या भागात पिणं नव्हतं असं नाही. शेंदूरजनाघाटच्या पाठीशी सातपुडा आहे आणि त्याच डोंगररांगेत पश्चिमेला मेळघाट. तिथल्या कोरकूंच्या लग्नात, सणात, देवाच्या नैवेद्यात मोहाची दारू असते. चैत्राच्या सुमारास मोहफुलं पहाटे झाडाखाली पडतात. ती वेचायची, वाळवायची, पाण्यात भिजवून आंबवायची आणि मडक्यावर मडकं ठेवून वाफ धरायची. हे पिणं उघड्यावरचं, सगळ्यांसमोरचं, बायकामाणसांसह. 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेला आणि अबकारी आली. गाळण्याचा नि विकण्याचा हक्क लिलावात निघू लागला, मक्तेदाराच्या हाती गेला. घरची वस्तू दुकानाची झाली. विदर्भात देशी दारूच्या दुकानाला लोक अजून 'भट्टी' म्हणतात, ते त्या काळाचं उरलेलं नाव असावं असं मला वाटतं.

भट्टीने काय केलं हे याच जिल्ह्याने फार जवळून पाहिलं आहे. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. त्यांचे वडील झिंगराजी दारूपायी गेले, तेव्हा डेबू, म्हणजे पुढचे गाडगेबाबा, लहान होता. पुढे बाबांनी हातात खराटा घेतला आणि कीर्तनाकीर्तनांतून गावोगावच्या माणसांना दारूबद्दल खडसावलं, त्यामागे हे घरचं दुःख होतं. गुरुकुंज मोझरीचे तुकडोजी महाराजही याच जिल्ह्यातले, आणि व्यसनमुक्ती हा त्यांच्याही प्रबोधनाचा गाभा. परमिट रूमबद्दल लिहिताना ही दोन माणसं बाजूला ठेवता येत नाहीत. वऱ्हाडात दारूबंदीची मागणी दिल्ली-मुंबईच्या कचेऱ्यांतूनच आली नव्हती, ती इथल्या ओसरीवरूनही उठली होती.

कायदा मात्र टप्प्याटप्प्याने आला. मध्यप्रांत-वऱ्हाडात 1938 साली दारूबंदीचा पहिला कायदा झाला. मुंबई राज्यात 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि 6 एप्रिल 1950 पासून मोरारजी देसाईंच्या आग्रहाने राज्यभर बंदी लागू झाली. फराम बलसारा नावाच्या गृहस्थांनी या कायद्याला आव्हान दिलं. 1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा बराचसा भाग कायम ठेवला, पण औषधं आणि प्रसाधनांतल्या मद्यार्कावरची बंधनं रद्द केली.

आपल्या कुळकथेतली मुख्य गोष्ट घडली ती याच कायद्यात. बंदी सरसकट ठेवायची, तर परदेशी पाहुण्याचं काय? ज्याला सवय लागली आहे आणि प्रकृतीसाठी डॉक्टर लिहून देतो, त्याचं काय? त्यांच्यासाठी परवाने निघाले. घरात अडीअडचणीला ब्रँडी, रम किंवा शँपेन ठेवण्याचाही वेगळा परवाना होता. आणि परवानाधारकाने हॉटेलात प्यायची, तर ती इतरांच्या नजरेआड, राखून ठेवलेल्या खोलीत. ती खोली म्हणजे परमिट रूम. बाहेर बंदी, आत परवाना, मध्ये एक दार.

विदर्भ 1956 मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1959 मध्ये मुंबईचा हा कायदा इकडेही लागू झाला. तो सैल करण्याचं काम पुढे एका वऱ्हाडी माणसाच्या कारकिर्दीत झालं. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक 1963 ते 1975 मुख्यमंत्री होते. बंदीत हातभट्टी फोफावली, विषारी दारूने माणसं मरत होती, पोलिसांचं बळ त्यातच खर्ची पडत होतं. साठीच्या दशकात परवाने सुलभ झाले आणि 1973 मध्ये देशी दारूसाठी नियम करून तिची परवानाधारक विक्री सुरू झाली. कायदा मात्र कुणी रद्द केला नाही. नाव बदलून तो आजही महाराष्ट्र दारूबंदी कायदा आहे. वर्धा नदी ओलांडली की वर्धा जिल्हा तर सत्तरीच्या दशकापासून पूर्ण बंदीचा.

म्हणून आजही पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो. एका दिवसाचा विदेशी दारूचा 5 रुपयांना, देशीचा 2 रुपयांना, वर्षाचा 100 आणि आयुष्यभराचा 1000 रुपयांना, असे त्याचे परिचित दर. त्यावरचं कारण एकदा वाचावं: प्रकृतीच्या रक्षणासाठी. कायद्याच्या नजरेत सौदा करून बसलेला बागवान रुग्णच आहे. मला वाटतं, आपल्या परमिट रूमचा मंद उजेड, काळ्या काचा, खालमानेने आत शिरणारं गिऱ्हाईक, हे सगळं त्या एका वाक्यातून आलं. खोली लपवण्यासाठीच बांधली गेली होती. पुढे पाटीवर 'फॅमिली रेस्टॉरंट' हे शब्द आले, कुटुंबासाठी वेगळी बाजू निघाली, जेवण सुधारलं. ही चांगलीच वाट आहे. पुण्यात तर 2009 पासून जागेवर बिअर बनवणारे पब निघाले, तिथे लोक उजेडात बसतात, गप्पा मारतात, जेवतात, आणि एका ग्लासवर संध्याकाळ काढतात.

पण संत्रा तोडणाऱ्या, डालक्या भरणाऱ्या मजुराच्या वाट्याला ही खोली आली नाही. त्याला भट्टी. तिथे खुर्ची नाही, ताट नाही, बोलायला वेळ नाही. नव्वद मिलीची बाटली उघडायची, उभ्याउभ्या घशात ओतायची आणि उपाशीपोटी घरी जायचं. त्या बाटलीवर अनेकदा संत्र्याचं चित्र असतं. आत मळीपासून काढलेला मद्यार्क आणि स्वाद, तीव्रता 42.8 टक्के. ज्याच्या हाताने खरी संत्री झाडावरून उतरतात, त्याला हे संत्रं विकलं जातं. गावोगावच्या बायकांनी मतदानात 'आडवी बाटली' निवडली, म्हणजे दुकान बंद करा असा कौल दिला, ती मुख्यतः या दुकानांविरुद्ध, आणि त्यांचं बरोबर होतं. ताटाशिवाय, खुर्चीशिवाय, माणसाशिवाय विकलेल्या दारूचा हिशेब त्यांच्याच घरात चुकता होत असतो.