राजकुंडाची गळती : बाथ येथील एका दुरुस्तीचा इतिहास

मराठीत ‘पाझर’ आणि ‘गळती’ या दोन शब्दांत पाण्याच्या वर्तनापेक्षा माणसाच्या अपेक्षेचा भेद अधिक आहे. पाणी हवे तेथे आले म्हणजे तो पाझर. नको तेथे गेले म्हणजे ती गळती. इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातील बाथ या नगरात एकाच झऱ्याला ही दोन्ही नावे लागू पडावीत असा प्रसंग आला, आणि त्यातूनच तेथील रोमन स्नानगृहे उजेडात आली.

या झऱ्याचे पाणी सुमारे ४६ अंश सेल्सिअस इतके उष्ण असून दररोज सुमारे ११,७०,००० लिटर पाणी वर येते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन कारागिरांनी झऱ्याभोवतीच्या चिखलात ओकचे खुंट ठोकले, त्यांच्या आधारे दगडी भिंत उभारली आणि तिला आतून शिशाचे अस्तर दिले. हा झाला जलाशय. शेजारच्या महाकुंडाचा १.६ मीटर खोल तळही शिशाच्या ४५ जाड पत्र्यांनी मढविलेला असून ते अस्तर आजही जागेवर आहे. (नळदुरुस्ती करणाऱ्यास आपण ‘प्लंबर’ म्हणतो, तो शब्द शिशाच्या ‘प्लुंबुम’ या लॅटिन नावावरूनच आला आहे.) रोमन सत्ता गेल्यावर जलाशयावरील कमान त्यातच कोसळली, गाळ साचला आणि बाराव्या शतकात त्याच जागी, त्याच भिंतींच्या आधाराने, ‘राजकुंड’ बांधले गेले. पुढील पिढ्या या कुंडात स्नान करीत राहिल्या. खाली काही प्राचीन आहे ही गोष्ट अगदीच अज्ञात होती असे नाही. १७२७ साली गटार खणताना सुलिस-मिनर्व्हा देवीचे सोनेरी मुलाम्याचे मस्तक सापडले होते आणि १७९० साली मंदिराच्या दर्शनी भागाचे कोरीव दगड मिळाले होते. मात्र या सुट्या वस्तूंवरून त्याखालील वास्तूची कल्पना येणे शक्य नव्हते.

१८७८ साली नगराचे वास्तुविशारद मेजर चार्ल्स डेव्हिस यांनी राजकुंडाच्या गळतीचा तपास हाती घेतला. सामान्य हौदाची गळती शोधणे तुलनेने सोपे असते. आवक बंद करावी, पातळीवर खूण करावी, बाष्पीभवनाने होणारी घट वजा करावी. पाणी जेथे उतरायचे थांबेल त्याच उंचीवर बहुधा भेग असते. झऱ्यावर बांधलेल्या कुंडाला ही कसोटी लावता येत नाही. आवक थांबत नाही, म्हणून पातळीही उतरत नाही. जितके पाणी खालून निसटते तितके वर भरून येते. अशी गळती आतून दिसत नाही. ती बाहेरून, पाणी जेथे जाऊन पोहोचते तेथून मागे मागे येत शोधावी लागते. डेव्हिस यांचे काम जमिनीखाली उतरत गेले ते त्यामुळेच असावे. तेथे त्यांना रोमन भिंती आणि रोमन नाला लागला. नाला मोकळा केल्यावर पाणी उतरले, उत्खनन शक्य झाले, आणि १८८०-८१ च्या सुमारास महाकुंड उघडे पडले. १८९७ पासून ते जनतेस पाहता येऊ लागले.

डेव्हिस यांच्या कामाचे मूल्यमापन करताना एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. ते इतिहासाच्या शोधात नव्हते. गाळ हा त्यांच्या दृष्टीने उपसून टाकावयाचा अडथळा होता, वाचावयाचा पुरावा नव्हे. नोंदी तोकड्या राहिल्या याचा दोष त्यांना द्यावाच लागेल. परंतु कुंड गळले नसते तर ते तेथे उतरलेच नसते, हेही तितकेच खरे. याच उपशात १८८० साली शिशाचा एक लहान पत्रा मिळाला. आपल्याकडून ‘विल्बिया’ हिरावून नेणारा पाण्यासारखा वितळून जावो, असा शाप त्यावर असून प्रत्येक शब्दाची अक्षरे उलट क्रमाने लिहिली आहेत.

त्यानंतर जवळजवळ शतकभर जलाशय काँक्रीटच्या तळाखाली बंद राहिला. १९७८ साली उष्ण पाण्यात वाढणाऱ्या अमीबाच्या संसर्गाने एका मुलीचा मृत्यू झाला आणि सार्वजनिक स्नान थांबले. १९८३ मध्ये पाण्यासाठी नवी कूपनलिका खोदण्यात आली. दरम्यान १९७९-८० मध्ये तो तळ काढून बॅरी कनलिफ यांनी उत्खनन केले. या वेळी गाळ थरांनुसार वाचला गेला. बारा हजारांहून अधिक नाणी आणि सुमारे १३० शापपत्रे हाती आली. रॉजर टॉमलिन यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वाचनांवरून दिसते की बहुतेक तक्रारी चोरीच्या आहेत : कोणाचे हातमोजे गेले, कोणाचा झगा. भाषा बोलीतली लॅटिन, शुद्धलेखन उच्चारानुसारी. एकदोन पत्रे ब्रिटनच्या मूळ केल्टिक भाषेतील असावीत असाही तर्क आहे. तो खरा ठरल्यास त्या भाषेचे ते अत्यंत दुर्मिळ लिखित नमुने ठरतील.

१८८० च्या पत्र्यावरील ‘विल्बिया’ ही स्त्री, असेच दीर्घकाळ मानले गेले. ते विशेषनाम नसून एखाद्या वस्तूचे केल्टिक सामान्यनाम असावे, असे अलीकडे सुचविण्यात आले आहे. तसे असेल तर प्रेमभंगाची म्हणून गाजलेली ही कथा एका साध्या चोरीची ठरते, आणि इतर पत्र्यांशी तिचा मेळही अधिक बसतो. झऱ्याचे जादा पाणी आजही रोमन नाल्यावाटे एव्हन नदीस मिळते.