पाच मिनिटांची टीप आणि अकरा दिवसांची दुरुस्ती

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही त्यांच्यासाठी लिहून टाकतोय. रेकॉर्डिंगमध्ये मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी तेवढी गाळली आहे.

तर झालं असं, की मी केंदूरला घरी गेलो होतो. रविवारी रात्री धाकटा भाऊ शाळेची पॅन्ट घेऊन आला. मागची शिवण वीतभर उसवलेली, आणि सकाळी शाळा. म्हटलं, आण इकडे, पाच मिनिटांचं काम. आजीचं पायानं चालवायचं काळं मशीन पडवीत होतंच. याच मशीनवर आजीनं गावातल्या बायकांची पोलकी शिवून घर चालवलंय. आता तिला सुईचं भोक दिसत नाही आणि आमच्यापैकी कुणी शिकलं नाही.

दोरा ओवण्यातच दहा मिनिटं गेली. मग पायडल मारलं, तर चाक उलटं फिरलं आणि दोरा तुटला. पुन्हा ओवला. या वेळी टीप पडली, वरून अगदी देखणी. पॅन्ट उलटी केली तर खाली दोऱ्याचा हा एवढा गुंता! ब्लेडनं उसवलं, बॉबिन काढून परत बसवली, पुन्हा शिवलं. पुन्हा गुंता. तिसऱ्या वेळी उसवताना शिवणीशेजारचं चांगलं कापडही कापलं. भाऊ म्हणाला, “दादा, राहू दे, मी शर्ट बाहेर काढून जातो.”

आता इथून आपण थेट 1850 सालच्या बॉस्टनला जाऊ, कारण तिथेही एक माणूस रात्री उशिरा मशीनपुढे असाच वैतागून बसलाय. त्याचं नाव आयझॅक सिंगर. हो, तोच सिंगर. मूळचा नाटकात कामं करणारा. ऑर्सन फेल्प्सच्या कारखान्यात तो आला होता लाकडी टाइप कोरायच्या स्वतःच्या यंत्रासाठी. तिथे दुसऱ्याच कंपनीची शिलाई मशीनं दुरुस्तीला येत आणि सारखी बिघडत. ती बघून हा म्हणाला, यापेक्षा चांगलं मी करून दाखवतो. भागीदार झीबरनं चाळीस डॉलर घातले. पुढे सिंगरनंच सांगितलेली गोष्ट अशी, की रात्रंदिवस खपून अकरा दिवसांत मशीन उभं राहिलं, आणि चालवलं तर शिवेचना! कापडावर दोऱ्याचे सैल फास. कामगार कंटाळून गेले. मध्यरात्री हे दोघं हताश होऊन हॉटेलवर निघाले आणि वाटेत फळ्यांच्या ढिगावर टेकले. झीबर सहज म्हणाला, ते फास कापडाच्या वरच्या बाजूला होते, बघितलंस का? सिंगरच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: सुईच्या दोऱ्याचा ताण लावायचाच राहिलाय! परत गेले, ताण लावला, आणि पाच टाके एकदम नीट पडले. मग दोरा तुटला, ते सोडा.

पेटंट मिळालं 12 ऑगस्ट 1851ला. पण टोकाजवळ भोक असलेली सुई आणि खालून शटलचा दुसरा दोरा, या जोडणीचं पेटंट एलायस हाऊनं 1846मध्येच घेतलं होतं. कोर्टात हाऊ जिंकला आणि सिंगरला पैसे मोजावे लागले.

यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनीही 1924मध्ये शिलाई मशीनला अपवाद केलं. ते म्हणाले, बायकोचे शिवताना होणारे कष्ट पाहून सिंगरनं प्रेमापोटी हे मशीन बनवलं. गोष्ट गोड आहे, पण माणूस चुकलाय असं मला वाटतं. सिंगरचे एकाच वेळी अनेक संसार चालू होते आणि त्याला हवे होते पैसे. ही गोष्ट लागू पडते हाऊला. नवरा मशीनच्या नादात, आणि घर चालत होतं बायको लोकांचे कपडे शिवायची त्यावर.

आपल्याकडे मशीन आलं ते आधी शिंप्याच्या दुकानात. साडी आणि धोतर नेसायच्या घरात शिवायचं होतंच किती! बायकांच्या हातात ते कमाईचं साधन म्हणून पडलं, त्यात पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्थांचा वाटा आहे. 1909मध्ये रमाबाई रानड्यांच्या पुढाकारानं ती सुरू झाली आणि तिथे शिवणकामाचे वर्ग चालत. मग 1930च्या दशकात कलकत्त्यात ‘उषा’ निघालं आणि देशी मशीन मिळू लागलं. आजीचं मशीन लग्नानंतर आलं, जुनं, दुसऱ्या कुणाचं तरी वापरलेलं.

तर त्या रात्री आजी कॉटवरूनच म्हणाली, “खाली गुंता होतोय ना? मग वरचा दोरा बघ. दाब वर केलावता का ओवताना?”

नव्हता केला. सुईपाशी कापड धरून ठेवतो तो दाब खाली असला, की दोरा ज्या दोन चकत्यांमधून जातो त्या घट्ट मिटलेल्या असतात. दोरा त्यांच्यात शिरतच नाही, वरून घसरून जातो. म्हणजे ताण शून्य. आणि मी अर्धा तास खालच्या बॉबिनला शिव्या घालत होतो.

दाब वर केला, दोरा ओवला, दाब खाली. दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे ओढून धरली, कारण आजी म्हणाली नाहीतर पहिला टाका गिळतंय ते. टीप पडली. आजीनं पॅन्ट मागितली, उलटी करून शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, “वाकडी आहे. पण धरंल.”

कापलेल्या जागी आतून ठिगळ लावलंय. भावानं सोमवारी शर्ट बाहेरच ठेवला.