दुरुस्तीची थकबाकी (मुकुंदवाडीचा पाणीपुरवठा)

दुरुस्तीची थकबाकी : सार्वजनिक यंत्रणेची देखभाल वर्षानुवर्षे पुढे ढकलल्यामुळे साचत जाणारे काम व त्याचा खर्च. वीज, पाणी वा पैसा अपुरा पडू लागला की ही थकबाकी झपाट्याने वाढते. कारण हाताशी असलेली साधने चालू पुरवठा कसाबसा टिकवण्यातच संपतात. छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीचे औरंगाबाद) पूर्व भागातील मुकुंदवाडी हे याचे ठळक उदाहरण. जालना रस्त्यालगतचे हे जुने गाव वाढत्या शहरात सामावले गेले. शहराला पाणी पैठण रस्त्याच्या बाजूने येते, त्यामुळे मुकुंदवाडीला पोहोचेपर्यंत त्याला अर्धे शहर ओलांडावे लागते. २०१९ च्या दुष्काळात येथील लहान मुले रेल्वेने औरंगाबाद स्थानकावर जाऊन घागरी भरून आणत. जाऊन-येऊन सुमारे १४ किमी.च्या या फेरीची दखल रॉयटर्सनेही घेतली होती.

यंत्रणा : शहराचा मुख्य स्रोत गोदावरीवरील जायकवाडी धरण (नाथसागर). लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते १९६५ मध्ये त्याची पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांनी उद्घाटन केले. धरणातून उपसलेले पाणी फारोळा येथे शुद्ध होऊन नक्षत्रवाडीमार्गे शहरातील जलकुंभांत येते. ७०० मिमी. व्यासाची जलवाहिनी १९७० च्या दशकातील, तर मोठी वाहिनी १९९० च्या दशकाच्या आरंभीची. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेबारा लाखांवर गेली, तरी मदार याच दोन वाहिन्यांवर राहिली. परिणामी अनेक वसाहतींत नळाला पाच ते आठ दिवसांआड पाणी येऊ लागले.

विजेचा हिशेब : धरणाची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४६४ मी., तर शहर सुमारे ५७० मी. उंचीवर आहे. दहा लाख लिटर पाणी शंभर मीटर उचलण्यास निव्वळ गणिताने २७२ युनिट वीज लागते. पंपाची कार्यक्षमता ७० टक्के धरल्यास हा आकडा ३९० च्या आसपास जातो, आणि त्यात वाहिनीतील घर्षणाची भर पडते ती वेगळीच. वाहिनी जुनी झाली की आत गंजाचे थर बसतात. व्यास दहा टक्क्यांनी घटला आणि प्रवाह तेवढाच ठेवायचा म्हटले, तर घर्षणाचा बोजा सुमारे ७० टक्क्यांनी वाढतो. शंभर लिटरांमागे तीस लिटर वाटेत गळले, तर नळाशी पोहोचणाऱ्या प्रत्येक लिटरमागील वीज ४३ टक्क्यांनी महागते. वीजबिल चुकवता येत नाही, दुरुस्ती मात्र पुढच्या वर्षावर ढकलता येते. म्हणून काटकसरीत पहिली कात्री दुरुस्तीलाच लागते.

खंडणकाळ : दुरुस्तीसाठी उपसा बंद ठेवण्याच्या अवधीला पाणीपुरवठा विभागात खंडणकाळ म्हणतात. पंप थांबवायचे, वाहिनी रिकामी होऊ द्यायची, खड्डा खणून त्यातले पाणी उपसायचे, तडा वेल्डिंगने बंद करायचा, मग हवा बाहेर काढत वाहिनी हळूहळू भरायची. जोडकाम काही तासांचे असले तरी जलकुंभ पुन्हा भरेपर्यंत वेळ जातो आणि साऱ्या शहराचे वेळापत्रक एक दिवस पुढे सरकते. मुबलक पाणी, मोठा साठा व पर्यायी वाहिनी असलेल्या शहराला असा खंड जाणवतही नाही. जिथे लोक आठ दिवस पाण्याची वाट पाहतात, तिथे नववा दिवस मागण्यास कुणी धजावत नाही. त्यामुळे नियोजित खंडणकाळ टळतो आणि वाहिनी फुटली की सक्तीचा खंडणकाळ येतो. वीज अचानक गेली की थांबलेल्या पाण्याचा उलट दाब वाहिनीवर आदळतो आणि कमकुवत जोड निखळतात; म्हणजे विजेच्या खंडातून दुरुस्तीचे नवे काम उभे राहते.

खंडित पुरवठ्याने वितरणजाळेही झिजते. रिकाम्या नळात बाहेरचे गढूळ पाणी शिरते. पाणी आले की घरोघरी थेट नळाला मोटारी लागतात आणि टोकाच्या घरांचा दाब आणखी घटतो. ज्यांना परवडते ते हौद बांधतात, टँकर मागवतात. उरलेले घागर घेऊन निघतात.

पैसा व जबाबदारी : नव्या योजनेला राज्य व केंद्राचे अनुदान मिळते, भूमिपूजन होते. गळती थांबवण्याचा खर्च मात्र महापालिकेच्या नेहमीच्या उत्पन्नातून करावा लागतो. २०२२ मध्ये घरगुती वार्षिक पाणीपट्टी ४,०५० रुपयांवरून २,०२५ रुपयांवर आणली गेली. अपुऱ्या पाण्यासाठी पूर्ण पट्टी का भरायची, हा नागरिकांचा सवाल रास्तच होता. पण त्यामुळे देखभालीचा हक्काचा पैसाही आटला. त्याआधी समांतर जलवाहिनीची ७९२ कोटी रुपयांची योजना खासगी भागीदारीत आखली गेली. २०१४ मध्ये पुरवठा खासगी कंपनीकडे गेला आणि २०१६ मध्ये करार मोडला. २०१९ मध्ये १,६८० कोटींची नवी योजना मंजूर झाली. पुढे तिचा खर्च २,७४० कोटींवर गेला. दरम्यान तात्पुरता दिलासा म्हणून ९०० मिमी. व्यासाची वाहिनी टाकण्यात आली. नवी योजना येणारच आहे, या भरवशावर जुन्या वाहिन्यांवर खर्च करण्याची निकड दर वर्षी कमी होत गेली.

विजेचा बोजा हे मात्र या थकबाकीचे एकमेव कारण नव्हे. सतराव्या शतकात मलिक अंबरने उभारलेली नहर-ए-अंबरी विजेविना, केवळ उताराच्या बळावर शहराला पाणी देत असे. तिला वीजबिल नव्हते, तरी अतिक्रमणे व दुर्लक्ष यांनी तिचे जाळे निकामी होत गेले. पाणी धरणातून येऊ लागल्यावर नहरीची निगा राखण्याची गरजच कुणाला उरली नाही.

उपाय : पर्यायी वाहिनी, दोन-तीन दिवस पुरेल एवढा शहरातील साठा, वाहिनीचा एखादाच टप्पा बंद करता येईल असे व्हॉल्व्ह आणि इतरत्र वळवता न येणारा देखभाल निधी यांमुळे खंडणकाळ परवडू शकतो. नव्या योजनेतील मुख्य वाहिनी २,५०० मिमी. व्यासाची व सुमारे ३९ किमी. लांबीची आहे. ती पूर्ण क्षमतेने चालवायची तर विजेची मागणीही वाढेल. तिच्या देखभालीची तरतूद पहिल्या वर्षापासून झाली नाही, तर आजवरच्या थकबाकीपेक्षा मोठी थकबाकी पुढच्या पिढीच्या नावावर चढेल.