बरोबर वजा चुका, भागिले तीन

चाळीस प्रश्नांची बहुपर्यायी चाचणी घ्यायची, मुलांची उत्तरे संगणकावरील स्प्रेडशीटमध्ये भरायची आणि एका सूत्राने साऱ्या वर्गाचे गुण काढायचे, हे आता पुष्कळ शाळांतून चालते. या सूत्रात कित्येकदा चुकलेल्या उत्तरांसाठी काही गुण वजा केलेले असतात. ही वजाबाकी आली कोठून आणि ती नेमके काय करते, हे पाहण्यासाठी आपल्याला शंभराहून अधिक वर्षे मागे, अमेरिकेत जावे लागते.

१९१२-१३ साली स्टार्च आणि एलियट या दोन अभ्यासकांनी एक साधा प्रयोग केला. एकाच उत्तरपत्रिकेच्या प्रती काढून त्यांनी त्या शंभराहून अधिक शिक्षकांकडे तपासायला पाठवल्या. इंग्रजीच्या निबंधाला वेगवेगळे गुण पडले, याचे फारसे नवल वाटणार नाही. पण भूमितीच्या एकाच उत्तरपत्रिकेला एका शिक्षकाने २८ गुण दिले, तर दुसऱ्याने नव्वदीच्या पुढचे! मुलाचे पास-नापास होणे त्याच्या भूमितीपेक्षा तपासनिसावर अवलंबून होते.

फ्रेडरिक केली यांनी नेमका हाच विषय, म्हणजे शिक्षकांच्या गुणदानातील तफावत, आपल्या प्रबंधासाठी घेतला. तो १९१४ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर कॅन्सासमध्ये त्यांनी मूकवाचनाची एक चाचणी तयार केली. तिच्यातील एका प्रश्नात गाय, वाघ, उंदीर आणि लांडगा अशी चार नावे देऊन शेतावर उपयोगी पडणाऱ्या प्राण्याच्या नावाभोवती रेघ काढायला सांगितले होते. उत्तर एकच, त्यामुळे तपासनिसाच्या मर्जीला जागा नाही. बहुपर्यायी प्रश्नाचा आरंभ साधारणपणे येथून मानतात. आज या प्रश्नांवर आपण आळशी परीक्षकाची सोय म्हणून टीका करतो. ते जन्माला मात्र अन्याय टाळण्यासाठी आले होते, हे विसरू नये.

एक अन्याय गेला, पण दुसरी अडचण आली. निबंधात ज्याला काही येत नाही तो कोरा कागद देतो. येथे मात्र अंदाजपंचे खूण करूनही चारातला एक प्रश्न बरोबर येतोच. १९१७ पासून अमेरिकी सैन्याने सुमारे १७ लाख जणांच्या बुद्धिचाचण्या घेतल्या. त्यांतील दोन पर्यायांच्या प्रश्नांसाठी ‘बरोबर वजा चूक’ असा हिशेब ठेवला होता. चार पर्याय असतील तर चुकांना तीनने भागून वजा करायचे. यामागचे गणित शाळेतल्या मुलालाही समजेल. समजा, चाळीसपैकी वीस प्रश्न एखाद्याला नक्की येतात आणि उरलेले वीस तो डोळे मिटून ठोकून देतो. त्या विसांपैकी सरासरीने ५ बरोबर येतील, १५ चुकतील. एकूण बरोबर २५. त्यातून १५ भागिले ३, म्हणजे ५ वजा केले की उरले २०. त्याला जेवढे येत होते तेवढेच.

हे सूत्र यंत्रात बसवण्याचे श्रेय एका शाळामास्तराकडे जाते. रेनॉल्ड जॉन्सन हे मिशिगन राज्यातील आयर्नवुड गावी विज्ञान शिकवत. लहानपणी बहिणींना भेटायला येणाऱ्या तरुणांच्या मोटारींच्या स्पार्क प्लगवर ते पेन्सिलीने रेघा ओढून ठेवत. ठिणगीची वीज ग्राफाइटमधून भलतीकडे जाई आणि मोटार सुरू होत नसे. हाच खोडसाळपणा पुढे कामी आला. उत्तरपत्रिकेवरची पेन्सिलीची खूणही वीज वाहून नेईल, मग ती माणसाने का मोजावी?

पण कोणी खूण गडद करतो, कोणी फिकी. गडद खुणेतून जास्त प्रवाह गेला तर ठळक लिहिणाऱ्याला जास्त गुण मिळायचे. जॉन्सन यांनी प्रत्येक खुणेच्या मार्गात एक फार मोठा रोध जोडला. त्याच्यापुढे खुणेचा स्वतःचा रोध नगण्य ठरतो, त्यामुळे प्रत्येक खुणेतून जवळजवळ सारखाच प्रवाह जातो. ओहमचा नियम शिकवताना याहून चांगले उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. बरोबर उत्तरांचे प्रवाह एकत्र करायचे, चुकीच्या उत्तरांच्या प्रवाहाचा ठरावीक अंश त्यातून वजा करायचा आणि काट्यावर गुण वाचायचे! आयबीएम कंपनीने हे यंत्र घेतले आणि १९३८ च्या सुमारास ‘८०५’ या क्रमांकाने ते बाजारात आणले. पुढे प्रकाशाने खुणा वाचणारी यंत्रे आली.

सामान्य शिक्षकाच्या हाती हे सामर्थ्य आले ते स्प्रेडशीटमुळे. १९७९ मध्ये ब्रिकलिन आणि फ्रँकस्टन यांचे व्हिसिकॅल्क निघाले, १९८३ मध्ये लोटस १-२-३ आणि १९८५ मध्ये एक्सेल. वरच्या ओळीत उत्तरसूची, खाली प्रत्येक मुलाची एक ओळ, आणि ‘समप्रॉडक्ट’ या सूत्राने दोन ओळी घरोघर ताडून जुळणाऱ्या उत्तरांची बेरीज करायची. उत्तरसूचीच्या ओळीचा क्रमांक डॉलरच्या चिन्हाने पक्का करावा लागतो, नाहीतर सूत्र खाली उतरवताना सूचीही खाली सरकते. उत्तरापुढे चुकून एक मोकळी जागा टंकली गेली तर बरोबर उत्तरही चूक ठरते. आणि सूचीतले एखादे घर रिकामे राहिले तर तो प्रश्न कोरा सोडणाऱ्याला एक गुण मिळतो, कारण यंत्राच्या लेखी रिकामे आणि रिकामे सारखेच!

आता त्या वजाबाकीकडे वळू. समजा, कोणत्याही मुलाने एकही प्रश्न कोरा सोडला नाही. ‘ब’ उत्तरे बरोबर असतील तर चुका ४० वजा ब. वजाबाकीनंतरचे गुण होतात चार ब वजा ४०, भागिले तीन. म्हणजे ज्याचा ‘ब’ मोठा, त्याचे गुण जास्त. वर्गातला क्रम जसाच्या तसा राहतो! स्प्रेडशीटमध्ये दोन्ही रकाने शेजारीशेजारी मांडून कोणालाही ताडून पाहता येईल. वजाबाकीने क्रम बदलतो तो फक्त कोणी तरी प्रश्न कोरे सोडले असतील तेव्हा.

कोरे कोण सोडतो? दोन मुली घेऊ. दोघींनाही वीस प्रश्न नक्की येतात आणि उरलेल्या विसांत दोन-दोन पर्याय चुकीचे आहेत एवढे कळते. एक धीट आहे, ती खुणा करते. सरासरीने तिचे १० बरोबर, १० चूक. तिचे गुण ३० वजा सव्वातीनच्या वर थोडे, म्हणजे जवळजवळ २७. दुसरी गुण कापले जातील या भीतीने विसही कोरे सोडते. तिला २०. ज्ञान सारखे, फरक सात गुणांचा. बिनधास्त ठोकणाऱ्याला वजाबाकीने सरासरीत काही गमवावे लागत नाही. किंमत मोजते ती बुजरी मुलगी. मुलांपेक्षा मुली अधिक प्रश्न कोरे सोडतात, असे काही अभ्यासांत आढळलेही आहे. अमेरिकेतील सॅट परीक्षेने २०१६ मध्ये ही वजाबाकी काढून टाकली.

आपल्याकडे नीट परीक्षेत बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीला वजा १ आहे. पर्याय चारच असल्यामुळे पूर्ण आंधळ्या खुणेलाही सरासरीने पाव गुण मिळतो. १८० प्रश्नांवर तो ४५ गुण होतो! वजा करण्याचे प्रमाण पाच पर्यायांना शोभणारे आहे. उमेदवारांनी बेपर्वाईने खुणा करू नयेत म्हणून वजाबाकी हवी, हा युक्तिवाद मोठ्या परीक्षांपुरता आम्हांला समजू शकतो. वर्गातल्या चाचणीत मात्र ती करू नये, सर्वांना सर्व प्रश्न सोडवायला सांगावे आणि कोऱ्या घरांची संख्या वेगळ्या रकान्यात मोजावी, असे आमचे मत आहे. गुणांच्या बेरजेत बुडून जाणारी माहिती त्या रकान्यात दिसते.

ओळींइतकेच रकानेही वाचण्यासारखे असतात. एखादा प्रश्न वर्गातल्या हुशार मुलांनीच अधिक चुकवला असेल तर आधी उत्तरसूची तपासावी. पण ही खूणही दर वेळी मिळत नाही. १९८२ च्या सॅटमध्ये एक प्रश्न होता: एका वर्तुळाची त्रिज्या दुसऱ्याच्या एकतृतीयांश आहे. ते मोठ्या वर्तुळाभोवती न घसरता फिरून मूळ जागी आले तर स्वतःभोवती किती फेरे घेईल? सूचीतले उत्तर होते तीन, आणि चांगली मुलेही तेच लिहितील असा तो प्रश्न होता. तिघा विद्यार्थ्यांनी चूक दाखवून दिली. खरे उत्तर चार, आणि ते पर्यायांतच नव्हते! सुमारे ३ लाख जणांचे गुण पुन्हा काढावे लागले. एक रुपयाची दोन सारखी नाणी घेऊन वर्गात करून पाहा. एक स्थिर धरून दुसरे त्याच्या कडेने फिरवले की ते मूळ जागी येईपर्यंत दोन फेरे पूर्ण करते.