कोलिस्टिन: अडगळीतून परत आलेलं औषध

आजची गोष्ट एका अँटिबायोटिकची आहे. डॉक्टरांनी ते एकदा अडगळीत टाकलं होतं, आणि आज तेच शेवटचा आधार म्हणून वापरावं लागतंय.

सुरुवात करू 1884 पासून. बर्लिनमध्ये हान्स ख्रिश्चन ग्राम या डॅनिश डॉक्टरने जिवाणू रंगवायची एक पद्धत काढली. काही जिवाणूंनी जांभळा रंग धरून ठेवला, काहींनी सोडला. सोडणाऱ्यांना आपण ग्राम-निगेटिव्ह म्हणतो. यांच्याभोवती एक जास्तीचं, बाहेरचं पटल असतं. घराभोवतीची कंपाउंडची भिंतच म्हणा ना! बरीच औषधं तिथेच अडतात.

1950 च्या सुमारास जपानमध्ये एका जिवाणूपासूनच कोलिस्टिन मिळालं. याची युक्ती साधी आहे. भिंतीच्या बाहेरच्या अंगावर ऋण भार असतो, आणि मॅग्नेशियम व कॅल्शियम तिला सांधून ठेवतात. कोलिस्टिनवर धन भार. ते भिंतीला चिकटतं, हे सांधे उखडतं, भिंत फुटते आणि जिवाणू मरतो. पण किडनीलाही त्रास व्हायचा. म्हणून 1970 च्या दशकात, सुरक्षित औषधं हाताशी आल्यावर, ते मागे पडलं.

आता जिवाणूची बाजू बघू. 1989 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी साल्मोनेलामध्ये दाखवलं, की 'फॉपी-फॉपक्यू' नावाची जोडी त्याला आपल्या शरीरात तग धरायला मदत करते. फॉपक्यू हा आतल्या पटलात बसलेला पहारेकरी. बाहेर मॅग्नेशियम कमी झालं, आम्ल वाढलं किंवा भिंत फोडणारी रसायनं आली, की तो आतल्या फॉपीला फॉस्फेट देतो. हाच निरोप! फॉपी लगेच जनुकं चालू करतो आणि भिंतीची डागडुजी सुरू होते. ऋण भारावर धन भाराचे रेणू चिकटवले जातात. मग कोलिस्टिनला पकडायला जागाच उरत नाही.

म्हणजे हे शस्त्र जिवाणूकडे आधीपासूनच होतं. मग आपण काय केलं?

इतर औषधं निकामी व्हायला लागली, तसं कोलिस्टिन दवाखान्यात परत आलं. पण गोठ्यात आणि पोल्ट्रीत ते वापरात होतंच, जनावरांचं वजन वाढावं म्हणूनसुद्धा! नोव्हेंबर 2015 मध्ये चीनमधून बातमी आली. डुकरातल्या ई. कोलाय जिवाणूत 'एमसीआर-1' नावाचं जनुक सापडलं. तेही भिंतीवरचा ऋण भार झाकतं. पण ते प्लास्मिडवर होतं, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यावर, जो एक जिवाणू दुसऱ्याला देऊ शकतो. इथे पहारेकऱ्याच्या निरोपाची वाट बघायचीही गरज नाही. युक्ती थेट फॉरवर्ड! रुग्णांच्या नमुन्यांतही ते जनुक मिळालं.

चीनने 2017 मध्ये वाढीसाठीचा वापर थांबवला. आपल्याकडे पोल्ट्री, मत्स्यशेती आणि जनावरांच्या खाद्यासाठी कोलिस्टिन विकायला जुलै 2019 मध्ये बंदी आली.

आयसीयूमधल्या पेशंटसाठी जे औषध आपण जपून ठेवायचं, ते इतकी वर्षं आपण कोंबड्यांच्या खाद्यात मिसळत होतो. जिवाणूंनी फक्त निरोप वाचला. आपण मात्र तो वाचायला फार उशीर केला.

भेटू पुढच्या भागात!