घरातील दोअमली

वऱ्हाडच्या इतिहासात 'दोअमली' हा शब्द वारंवार येतो. १७२४ साली साखरखेर्ड्याच्या लढाईत निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा पाडाव केला आणि दख्खनच्या सुभ्यांवर, म्हणजे वऱ्हाडवरही, आपला स्वतंत्र अंमल बसवला. परंतु याच प्रांतातून चौथ आणि सरदेशमुखी वसूल करण्याचा हक्क मराठ्यांकडे, पुढे नागपूरकर भोसल्यांकडे होता. त्यामुळे एकाच गावावर दोन धनी झाले. कागदोपत्री मुलूख निजामाचा. पण भोसल्यांचा कमाविसदारही त्याच चावडीवर येऊन बसे. पाटलाला दोघांनाही मुजरा करावा लागे, आणि गावातले कोणते पीक किती आले हे दोघांनाही ठाऊक असे. १८०३च्या देवगावच्या तहाने भोसल्यांचा वऱ्हाडातील हक्क सुटला आणि ही व्यवस्था संपली.

साखरखेर्डा आणि मेहकर हे आजच्या बुलढाणा जिल्ह्यातलेच. त्याच मेहकरात, किंवा तशा कोणत्याही तालुक्याच्या गावी, आज एखादे कुटुंब जुने बांधलेले घर विकत घेते तेव्हा ही दोअमली वेगळ्या रूपाने परत येते. खरेदीखत नोंदले जाते, मुद्रांकशुल्क भरले जाते, फेरफाराचा अर्ज होतो, किल्ल्यांचा जुडगा हातात पडतो. मात्र फाटकावर, जिन्यात आणि परसात पूर्वीच्या मालकाने बसवलेले कॅमेरे तसेच असतात. त्यांची चित्रे साठवणारी पेटी माळ्यावर अथवा दूरदर्शनसंचामागे चालू असते. तिचा परवलीचा शब्द नव्या मालकाला माहीत नसतो. जुन्या मालकाच्या मोबाइलवर मात्र ते फाटक अजून दिसत असते. घर एकाचे आणि घरावरची नजर दुसऱ्याची, ही शब्दशः दोअमली आहे.

असे का होते? याचे सोपे उत्तर 'विसरले' असे देता येईल. पण इतिहास पाहिला तर लक्षात येते की मालमत्तेचे हस्तांतर आणि पाळतीचे हस्तांतर या नेहमीच दोन वेगळ्या क्रिया होत्या. पहिली झाली म्हणून दुसरी आपोआप होत नसे.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ सालचा. त्याच्या आठव्या कलमात, घर हस्तांतरित झाले की त्यासोबत काय काय जाते याची गणना आहे: कुलपे, किल्ल्या, अडसर, दारे, खिडक्या आणि कायमच्या वापरासाठी पुरवलेल्या इतर वस्तू. एकोणिसाव्या शतकातल्या कायदेपंडितांना किल्लीचे महत्त्व पुरेपूर कळले होते. किल्लीवाचून कुलूप ही निव्वळ अडगळ, म्हणून दोन्हींचा उल्लेख त्यांनी जोडीने केला. या न्यायाने भिंतीला पक्का केलेला कॅमेराही घरासोबत येतो असे म्हणता येईल. पण परवलीचा शब्द ही वस्तू नाही. ती कोणाला तरी ठाऊक असलेली एक गोष्ट आहे. वस्तू दिली की देणाऱ्याकडे ती उरत नाही. गोष्ट सांगितली तरी सांगणाऱ्याच्या मनात ती राहतेच. सगळा घोटाळा या भेदात आहे.

मेहकरच्याच इतिहासात पाळतीचे एक जुने उदाहरण आहे. वऱ्हाडचे इंग्रजी गॅझेटियर सांगते की इथले मोमीन, म्हणजे मुसलमान विणकर, एके काळी इतके संपन्न होते की गावाची तटबंदी त्यांनी स्वतः उभारण्याचे मनावर घेतले. वेशीवरच्या लेखात १४८८ हे साल होते. पुढे पेंढाऱ्यांच्या लुटीने आणि १८०३च्या दुष्काळाने ही वस्ती उद्ध्वस्त झाली. दरम्यान १७६९मध्ये माधवराव पेशव्यांची छावणी इथे पडली होती, १८१७मध्ये नागपूरवर निघालेल्या जनरल डव्हटनची पडली. वेस होती तिथेच राहिली, पण तिच्या आत कोणाला घ्यायचे हे ठरवणारे बदलत गेले. दगड कोणाचीच बाजू घेत नाहीत. बाजू घेतात ती त्यांच्यामागे उभी असलेली माणसे.

ही माणसे कोण होती? त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गाव-गाडा' (१९१५) या ग्रंथात गावच्या चाकरांचे जे वर्णन केले आहे त्यात जागल्या येतो. जागल्या एका घराचा नसे, गावाचा असे. घर विकले गेले तरी त्याची राखण खंडित होत नसे, कारण त्याचे बलुते त्या घराच्या मालकीशी बांधलेले नव्हते. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. रात्रभर जागणे ज्याच्या जन्माशी जखडले होते त्याला सूर्योदयानंतर त्याच घरांच्या ओट्यावर बसता येत नसे. परंतु एक गोष्ट खरी, की पाळत ठेवणारा गावाला माहीत असे आणि त्याला जाब विचारता येई.

पाळतीचे हे नाते नव्या धन्याने ओळखले नाही तर काय होते, हे पुरंदरच्या रामोशांनी दाखवून दिले. गडाच्या पहाऱ्याचे काम त्यांच्याकडे पिढीजात होते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात ते काढून घेतले गेले आणि १८१८नंतर कंपनी सरकारच्या राज्यात ही कोंडी अधिकच वाढली. त्यातून उमाजी नाईकांचे बंड उभे राहिले. मध्यंतरी सरकारने त्यांना जमीन आणि नोकरी देऊन त्याच मुलखाच्या बंदोबस्ताचे काम सोपवून पाहिले. तेही टिकले नाही. १८३२ साली उमाजींना पुण्यात फाशी देण्यात आली. मुलूख कंपनीला मिळाला होता, पण त्या डोंगरांच्या वाटा ज्यांना अंधारातही दिसत होत्या ते लोक तिला मिळाले नव्हते.

याहून परिचित उदाहरण १६६५च्या पुरंदरच्या तहाचे. शिवाजी महाराजांनी तेवीस किल्ले मोगलांच्या स्वाधीन केले. तट, बुरूज, कोठारे सगळे नव्या धन्याकडे गेले. पण कोणता कडा कुठे चढण्याजोगा आहे, हे ज्ञान जुन्या धन्याकडेच राहिले, आणि ते काढून घेण्याचा कोणताही उपाय तहात नव्हता. फेब्रुवारी १६७०मध्ये कोंढाणा परत आला, पुढच्याच महिन्यात पुरंदर. आपण हा प्रसंग पराक्रमाचा म्हणून वाचतो, आणि तो तसा आहेच. परंतु मोगल किल्लेदाराच्या बाजूने वाचला तर त्याचा धडा रोकडा आहे. ज्याने घर बांधले वा वापरले त्याला आत येण्याची एक वाट अधिक ठाऊक असते.

आता यंत्राकडे वळू. बंदिस्त परिपथातील दूरदर्शन प्रथम वापरले गेले ते १९४२ साली जर्मनीत पेनेम्युंडे येथे, अग्निबाणाचे उड्डाण सुरक्षित अंतरावरून पाहण्यासाठी. घराच्या दारावर ते आणले न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेने. पोलीस वेळेवर येत नाहीत अशा वस्तीत राहणाऱ्या या कृष्णवर्णीय स्त्रीने पतीसह १९६६मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९मध्ये ते मिळाले. त्या योजनेत दारातला कॅमेरा वर-खाली सरके आणि चित्र आतल्या खोलीत दिसे. पाहणारा घरातच असे; घर विकले असते तर पाहण्याचा पडदाही नव्या मालकाकडे गेला असता. कॅमेरा महाजालाला जोडला गेला तेव्हा पाहणे घराबाहेर पडले, आणि दोअमली शक्य झाली ती तेव्हापासून.

आजच्या अशा व्यवस्थेत खरे तर दोन नव्हे, चार अंमल असतात. पहिला रेकॉर्डरचा: त्यातील मुख्य खात्याचा परवलीचा शब्द. दुसरा जुन्या मालकाच्या मोबाइलमधल्या खात्याचा, ज्याला यंत्राचा अनुक्रमांक बांधलेला असतो. तिसरा बसवून देणाऱ्या कारागिराचा. लहान गावांत शब्द पुष्कळदा तोच ठरवतो आणि तो त्याच्या वहीत राहतो. चौथा उत्पादक कंपनीच्या दूरस्थ संगणकाचा, ज्याच्यामार्फत चित्र मोबाइलपर्यंत जाते.

प्रवेश परत मिळवायचा म्हणजे हे चारही अंमल एकेक करून उठवायचे. सर्वांत सरळ वाट जुन्या मालकाला विनंती करण्याची: त्याने आपल्या खात्यातून यंत्र काढून टाकावे. हे झाले नाही तर नुसता रेकॉर्डर मूळ स्थितीत आणून भागेलच असे नाही, कारण बऱ्याच यंत्रांत अनुक्रमांकाची गाठ कंपनीकडे असते, पेटीत नव्हे. परवलीचा शब्द हरवला असेल तर काही यंत्रांच्या आत पुनःस्थापनेची कळ असते. काहींत पडद्यावर येणारी चौकटींची खूण नोंदवलेल्या ईमेलशी जुळवावी लागते, आणि तो ईमेलही जुन्या मालकाचाच असतो. मग अनुक्रमांक आणि खरेदीचा पुरावा घेऊन उत्पादकाच्या सेवाकेंद्राकडे जावे लागते. तोवर रेकॉर्डरची महाजालाची तार काढून ठेवणे हा दोअमली थांबवण्याचा बिनखर्ची उपाय आहे. आणि प्रवेश मिळाल्यावर कारखान्यातून आलेला शब्द तसाच ठेवू नये. २०१६ साली 'मिराय' नावाच्या घातक आज्ञावलीने जगभरचे कॅमेरे आणि रेकॉर्डर अशाच न बदललेल्या शब्दांच्या बळावर ताब्यात घेतले आणि अमेरिकेतली मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली.

कायद्याचे साहाय्य इथे अपुरे पण शून्य नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २०००च्या ४३व्या कलमात मालकाच्या अथवा ताबेदाराच्या परवानगीवाचून संगणकप्रणालीत प्रवेश करण्यास मनाई आहे. कालपर्यंत जो मालक म्हणून पाहत होता, तो खरेदीखताच्या दुसऱ्या दिवसापासून परवानगीवाचून पाहत असतो. अनेकदा त्याला स्वतःलाही याची जाणीव नसते. २०१७च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणाला मूलभूत हक्काचे स्थान दिले. मात्र २०२३चा विदासंरक्षण कायदा व्यक्तीच्या घरगुती वापराला लागू नाही. उंबऱ्याच्या आतला प्रश्न पुष्कळसा माणसांच्या विवेकावरच सोडला आहे.

हा विवेक दोन्ही बाजूंनी हवा. रेकॉर्डरच्या तबकडीवर जुन्या कुटुंबाचे शेवटचे काही आठवडे असतात: त्यांची भांडणे, पाहुणे, सामान हलवतानाचे रडणे. नव्या मालकाला कळ सापडली की हे सगळे त्याच्यापुढे उघडते. मेहकरच्या कंचनीच्या महालाची आख्यायिका इथे आठवते. ना. घ. देशपांडे यांनी आपल्या कवितेचा विषय केलेल्या या महालाविषयी असे सांगतात, की लोणारच्या कमळजादेवीच्या देवळातला दिवा वरून दिसावा एवढा तो उंच बांधण्याची कंचनीची इच्छा होती, आणि देवीच्या शापाने ते काम शिळा होऊन थांबले. लोककथेला उंचीचा राग नाही. दुसऱ्याच्या गाभाऱ्यातला दिवा आपल्या माडीवरून न्याहाळण्याला तिची हरकत आहे. म्हणून प्रवेश मिळाल्यावर पहिली गोष्ट करायची ती जुने चित्रण न पाहता पुसण्याची.

वऱ्हाडची दोअमली संपवायला लढाई आणि तह लागला. घरातील दोअमलीला खरेदीखतातली एक ओळ पुरेल: विकणाऱ्याने कॅमेऱ्यांची सर्व खाती मोकळी करून, तबकडी पुसून, कारागिरासमक्ष नवा शब्द घालून द्यावा. १८८२च्या कायद्याने किल्लीला नाव दिले, म्हणून आज कोणी किल्ली मागायला संकोचत नाही. तिच्या शेजारी हा दुसरा शब्द आपणच लिहून घ्यायचा आहे.