पोर्तुगालचा राजा पळाला, तेव्हा गोव्यात काय बदललं?
चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी १७३९ मध्ये वसई जिंकली. गोवा मात्र पोर्तुगिजांकडेच राहिला. त्यामुळे ५ ऑक्टोबर १९१० ची लिस्बनमधली क्रांती गोव्यातही जाणवली.

बंडखोर युद्धनौकांनी राजवाड्यावर तोफा डागल्या. २० वर्षांचा राजा दुसरा मानुएल देश सोडून पळाला आणि पोर्तुगाल प्रजासत्ताक झाला.

तोवर कॅथलिक हा राज्याचा अधिकृत धर्म होता. १९११ मध्ये चर्च आणि सरकार कायद्याने वेगळे झाले. गोव्यातल्या हिंदूंना समान हक्क मिळाले, सरकारी नोकऱ्या खुल्या झाल्या.

पण १९२६ मध्ये लष्कराने सत्ता घेतली. १९३० च्या वसाहत कायद्याने गोवेकरांचे हक्क पुन्हा आक्रसले. राजा १९१० मध्येच गेला. पोर्तुगीज सत्ता जायला १९६१ उजाडलं.